बसलेल्या माणसाचं माप

“बाई, हे उभं राहून बघायचं नसतं,” दुकानदार म्हणाला. तेवढंच. आवाजही चढवला नव्हता. गरम भांड्याकडे हात नेणाऱ्या पोराला सांगावं तसं सहज, पाठमोरा होऊन हँगर अडकवता अडकवता. पण तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने सबंध आयुष्य कपडे उभे बघितले होते. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कटिंग मास्तर होती. पहारेकरी, लिफ्टवाले, हॉटेलातले वाढपी, बँकेच्या दारातले बंदूकवाले, दवाखान्यातल्या नर्स, म्हणजे शहरात जे जे कोणी उभं राहून पोट भरतं त्यातल्या निम्म्यांच्या अंगावर तिच्या कातरीखालून गेलेलं कापड होतं. आणि हा कोण? ज्याच्या स्वतःच्या शर्टाच्या काखेत अख्खी मूठ मावेल एवढा झोळ होता, ज्याची कॉलर मानेशी भांडण झाल्यासारखी दोन बोटं लांब उभी होती, तो तिला कपडा कसा बघायचा ते शिकवत होता. अडाण्याशी वाद घालू नये, आपलीच कातर बोथट होते, असं मोठे मास्तर म्हणायचे. मोठे मास्तर म्हणजे ज्यांनी तिला कातर धरायला शिकवली ते. आता नव्हते, पण तिच्या डोक्यात त्यांचं बोलणं संपलेलं नव्हतं.

आणि नवरा? नवरा दुकानाच्या मधोमध, आरशासमोर, कोणीतरी खुंटीला अडकवून विसरून गेल्यासारखा उभा होता. अंगात मोटरसायकलवर घालायचं ते काळं जॅकेट. खांद्यांवर टणक टेंगळं. छातीवर कापडाचा ढीग. पाठ नको तितकी लांब, पुढचा भाग नको तितका आखूड. आणि बाह्या तर आपल्याआपण कोपरात वाकलेल्या, जणू आधीच्या गिऱ्हाइकाचे हात आतच राहिले होते आणि आता ते बाहेर कसं पडावं याचा विचार करत होते. असं काही तिच्या टेबलावरून निघालं असतं तर तिने शिवणाऱ्याला सगळ्यांसमोर उसवायला बसवलं असतं. “जरा ताठ राहा हो,” ती म्हणाली. तो ताठ राहिला, म्हणजे त्याला ताठ वाटतं तसा. जॅकेट आणखी वाईट दिसलं.

पाठ. माणूस बघायचा तर आधी पाठ बघायची. छाती फुगवता येते, पोट आत ओढता येतं, पाठीला सोंग जमत नाही. ती माणसांचा विचार असा सुट्या तुकड्यांत करायची, बाही, पाठ, कॉलर यांचे कागदी फर्मे टेबलावर पसरावेत तसा. नवऱ्याची पाठ तिने पहिल्या भेटीतच वाचली होती. पाण्याचे मीटर वाचायचं काम. सकाळी हातात लोखंडी आकडा घेऊन निघायचं, गल्लोगल्ली फिरायचं, दारासमोरच्या खड्ड्याचं झाकण उचलायचं, वाकायचं, काचेवरचा चिखल अंगठ्याने पुसायचा, आकडा वाचायचा, झाकण लावायचं, पुढच्या दाराशी जायचं. वाकून वाकून माणूसच त्या लोखंडी आकड्यासारखा झाला होता. शिवाय डावा खांदा खाली. तिला त्याची कीव आली नव्हती, प्रेमही लगेच आलं नव्हतं. आला होता तो हुरूप. कापड बरं आहे, बेतणाऱ्याच्या हाती पडलं नाही एवढंच, असं वाटलं होतं. लग्नाचा कोट तिने स्वतः कापला. डाव्या खांद्यात कापसाची गादी, पाठीच्या शिवणीत एक लपवलेलं वळण, आणि फोटोत तो असा काही उभा आला की त्याची सख्खी बहीण म्हणाली, दादा लग्नाने उंच झाला गं वहिनी. तेव्हापासून त्याचा एकही सदरा तिने बाहेर शिवू दिला नाही. सगळ्यांत ती गादी. त्याला कधी सांगितलं नाही. सांगायचं काय? पुतळ्याला कोणी सांगतं का, तुझ्या छातीत भुसा भरलाय म्हणून. तोंडाने ती त्याला अहो म्हणायची. मनात मात्र ती त्याच्याशी हलक्या कामाच्या माणसाशी बोलावं तसं बोलायची, वर्षानुवर्षं, आणि मनातलं बोलणं ऐकू जात नाही हा संसाराचा मोठाच आधार होता.

मोटरसायकल ही त्याची हौस नव्हती. हौस हा प्रकार त्याच्या अंगात नव्हताच. पाणी खात्याने माणसं कमी केली, उरलेल्यांचे भाग दुप्पट केले आणि प्रत्येकाला एक मोटरसायकल दिली. पायी फिरून एवढे मीटर होणार नाहीत. ज्याला गाडी जमणार नाही त्याने घरी बसावं. हे त्याने घरी कसं सांगितलं? पाय धुता धुता. टाचेवरचा मळ दगडाने घासत, तिच्याकडे न बघता. म्हणाला, पायी बरं होतं. पायी बरं होतं! तिला वाटलं, या माणसाला जहाज बुडताना विचारलं असतं तरी हा म्हणाला असता, किनारा बरा होता. तिने सांगितलं, शिका. नणंदेचा फोन आला, की दादाला लहानपणी पाळण्यातसुद्धा भोवळ यायची, वहिनी, तू त्याच्या मागे लागू नकोस, बसू दे घरी, तुझं चाललंय की चांगलं. तिने नणंदेला विचारलं की घरी बसलेला माणूस तू सांभाळतेस की मी, आणि फोन ठेवला. तो शिकायला जाऊ लागला. खात्याच्या मागच्या मैदानात एक शिकवणारा त्यांना गोल गोल फिरवायचा. संध्याकाळी तो पेट्रोलचा वास घेऊन यायचा, अर्धवट जेवायचा, आणि खुर्चीत बसला की त्याचे गुडघे आपल्याआपण हलायचे. भीती झाकण्याचीही काही एक रीत असते. यांच्या अंगावर ती धावदोरा काढायचा राहिलेल्या कपड्यासारखी चारचौघांत दिसत होती. तिला त्याची लाज वाटायची, आणि मग तीच म्हणाली होती, आधी चांगलं जॅकेट घेऊ. काळजी म्हणून नव्हे, असं तिने स्वतःला बजावलं. काम हातात घेतलं की नीट करायचं, म्हणून.

दुकानदाराने नवऱ्याला कोपऱ्यातल्या मोटरसायकलकडे नेलं. ती नुसती बसून बघण्यासाठी ठेवलेली, जमिनीला बोल्टने जखडलेली होती. या गाडीवर तरी पडायचं भय नाही, असं तिला वाटलं आणि ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं. नवऱ्याने पाय टाकला. बसला. हात पुढे केले.

आणि छातीवरचा तो ढीग कुठे गेला ते तिला कळलं नाही. पाठ लांब होती ती कमरेपर्यंत उतरून बेताची झाली. कोपराचा बाक कोपरात जाऊन बसला. काखेत चुणी नाही, मानेशी फट नाही, मनगट झाकलेलं. डावा खांदा उजव्याइतकाच. तो थोडा वाकून, मान किंचित पुढे काढून, समोरच्या जमिनीकडे बघत होता, म्हणजे नेहमी बघतो तसाच. आणि त्या जॅकेटने त्याच्या त्या पाठीला एका शब्दाने हटकलं नाही. जसा आहेस तसा ये, म्हणालं. तिने लगेच काहीतरी चूक शोधायला सुरुवात केली. दुकानदार त्याच्याभोवती फिरत ठिकठिकाणी दाबत होता: हे खांद्याचं कवच, हे पाठीचं, आणि हे कोपराचं मात्र नीट बघा, हे कोपरावरच पाहिजे, जरा सरकलं की मग ते नुसतं ओझं, माणूस पडतो तेव्हा आधी हात टेकतो. नवऱ्याने मान हलवली. मग म्हणाला, “बरं वाटतंय.”

ती एवढी वर्षं त्याला कपडे घालत होती. त्याने असं कधी म्हटलं नव्हतं.

“उतरा,” ती म्हणाली.

जॅकेट तेच घेतलं. कापड जाड होतं, अस्तर बरं होतं, आणि बाकीचं ती बघून घेणार होती. घरी येईपर्यंत तिच्या मनात ते अर्धं उसवूनही झालं होतं. दुकानदाराचं बोलणं तिला समजलं नव्हतं असं नाही. कानाला समजलं होतं. पण हाताला जे समजत नाही ते समजलं असं ती धरत नसे, आणि ती वाकडी बाही दिसली की तिचे हात शिवशिवायचे. शिवाय त्या बोल्ट लावलेल्या गाडीवरचं ते दृश्य. ते तिला पुसून टाकायचं होतं. एवढा कपड्यात नीट बसलेला नवरा तिने कापला नव्हता, शिवला नव्हता; कोण कुठल्या कारखान्यात कोणा अनोळखी माणसाने हजार अनोळखी पाठींसाठी एक फर्मा काढला होता आणि तो याला बसला होता. तिला ते बाजारात भेटलेल्या बाईने नवऱ्याची नस सांगावी तसं वाटलं.

बाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने ती मशीनवर घेतली. पट्टे शिवायचं जड मशीन, जाड सुई. कोपराशी घेतलेल्या चुण्या उसवल्या, मागचा फुगवटा दुमडून आत घेतला, शिवण सरळ रेषेत खाली आणली. पाठीत दोन बाजूंना लपवलेल्या चुण्या होत्या, त्या मिटवून टाकल्या. कोणासाठी ठेवला होता एवढा घोळ? कोपराचं कवच पुढून टेंगूळ दिसू नये म्हणून जरा मागे सरकवलं. टाके मूळच्यांत असे मिसळले की कारखानदारालाही ओळखू आले नसते. इस्त्रीवाल्या मावशींनी येऊन बघितलं. आधी त्या म्हणाल्या होत्या, हे कोणाचं गं, याचे हात कोणी पिरगाळले? आता पुतळ्यावर चढवलेलं बघून म्हणाल्या, हां, आता कसं माणसाचं वाटतंय. पुतळ्याला हात नव्हते. रिकाम्या बाह्या दोन्ही बाजूंना सरळ, गुळगुळीत लोंबत होत्या. तिला फार बरं वाटलं.

खिसे. खिशांबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं.

तर गाडीवरचा पहिला दिवस. तो सकाळी आरशासमोर उभा राहिला आणि आरशात एक सरळ, रुंद, जरा करारी माणूस उभा होता. त्याने स्वतःकडे बराच वेळ बघितलं. तिने मागून पाठीवर हात फिरवला, कापडाचा अंदाज घ्यायला. मग दोघं खाली आली. इमारतीच्या आवारात खात्याची मोटरसायकल उभी होती, आणि तळमजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक दात घासत पायरीवर उभे होते. ते रोज कोणाचा ना कोणाचा तमाशा बघायला मिळेल या आशेने तिथेच दात घासत. नवरा बसला. हात पुढे केले. बाह्या सरसर वर चढल्या, मनगटं उघडी पडली, अर्धे हात उघडे पडले. पाठ दोन खांद्यांमध्ये ताणून चामडं वाळत घातल्यासारखी झाली. त्याने गाडी चालू केली, हळूच पुढे घेतली, फाटकाशी वळवायला हँडल डावीकडे नेलं, आणि उजवा हात अर्ध्यावर अडकला. पुढे जाईना. गाडी कलली. त्याने पाय टेकला, गाडी मांडीवर आली, क्षणभर वाटलं आता दोघंही आडवी होणार; पण त्याने दात आवळून तोलली. मुख्याध्यापक फेसाळ तोंडाने म्हणाले, “सावकाश, सावकाश. काय, घरी शिवलंय वाटतं?”

म्हाताऱ्याच्या बनियनला तीन भोकं होती. तिने तेवढ्यातही ती मोजली.

नवऱ्याने गाडी बंद केली. उतरला. जॅकेट काढलं, बाही उलटी केली, आणि शिवणीवरून अंगठा फिरवला, मीटरच्या काचेवरून फिरवतो तसा. जिथे कारखानदाराला सापडलं नसतं तिथे त्याचा अंगठा जाऊन थांबला.

“तू उसवलंस,” तो म्हणाला.

“उभं नीट दिसत नव्हतं.”

“मी उभा कुठे राहणार आहे?” तो रागावला नव्हता. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. “खांद्यात कापूस घालतेस त्याला मी कधी काही म्हटलंय? त्याने कोणी पडत नाही.”

त्याने जॅकेट तिच्या हातावर टाकलं, खुंटीवर टाकावं तसं. जसं होतं तसं करून ठेव, म्हणाला, आणि पुन्हा गाडीवर बसला, नुसत्या सदऱ्यात. तिला म्हणायचं होतं, आज जाऊ नका. तिने म्हटलं, “हेल्मेटचा पट्टा लावा.” तो गेला. हळू, डुगडुगत, पण गेला. आणि फाटकातून वळताना वाकला तेव्हा तिला तो सदरा मागून दिसला. तिचा सदरा. वाकलेल्या पाठीवर कापसाची ती गादी डाव्या खांद्यावर वर सरकून कुबडासारखी उभी राहिली होती, आणि पाठीतलं ते लपवलेलं वळण तिरकं ओढलं जाऊन मानेखाली एक गचाळ घडी पडली होती. तिने आपलं काम चालताना, वाकताना, बसताना कधी बघितलंच नव्हतं. त्याला माहीत होतं. कधीपासून? आणि माहीत असून रोज सकाळी तो हात वर करून तिच्यासमोर उभा राहत होता, बटणं लावून घेत होता. याला काय म्हणायचं? भोळेपणा म्हणावं तर तो आता उरला नव्हता. दुसरा एक शब्द तिच्या मनात आला, सांभाळून घेणं, जो ती त्याच्या बाबतीत रोज वापरायची. तो उलटा फिरून आपल्याकडे तोंड करून बसलेला दिसला तेव्हा तिने तो विचार सोडून दिला आणि कारखान्याची वाट धरली.

त्या दिवशी तिने गणवेशाला हात लावला नाही. आल्या आल्या बाह्या उसवायला घेतल्या. नशीब, कापलेलं काही नव्हतं, सगळं दुमडून आत घेतलेलं होतं. आणि जुन्या सुईची भोकं कापडात राहिली होती, त्यांच्यामागून गेलं की शिवण परत जागेवर येत होती. स्वतःच्या हातांनी दुसऱ्याच्या टाक्यांवरून गिरवत जायचं. शाळेत पाटीवर गिरवतात तसं. बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजला की ती खिडकीकडे मान वळवायची, आणि मनात म्हणायची, उजेड कमी पडतोय. गाडी करकचून थांबल्याचा आवाज आला की सुई थांबायची. मूर्ख माणूस. साधं रस्ता ओलांडताना दोनदा मागे येतो. पहारेकऱ्याची टोपी उडाली तरी दचकतो. आणि मी याला. मी याला नुसत्या सदऱ्यात. चहा आला तो निवला. मावशी म्हणाल्या, काय गं, कालच तर सरळ केलंस, आज परत वाकडं करतेस? तिने सांगितलं, गिऱ्हाइकाचं डोकं फिरलंय.

शिवणी जागेवर आल्या. कोपराचं कवच राहिलं. त्याचा कप्पा तिने पूर्ण उसवला होता आणि नवीन दोऱ्याच्या घाईत जुनी भोकं फाटून एक झाली होती. कुठे बसवायचं? पुतळ्याला कोपर नव्हतं आणि पुतळा बसत नव्हता. शेवटी तिने ते जॅकेट स्वतःच्या अंगात चढवलं, कापड उतरवायच्या लांब बाकावर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसली आणि हात पुढे केले. मशिनी एकेक करून थांबल्या. कोणीतरी तोंडाने गाडीचा आवाज काढला. तिने कोणाकडे बघितलं नाही. बघता येतच नव्हतं, तसं वाकून बसलं की चेहरे दिसत नाहीत. दिसते ती जमीन. चिंध्या, वाकलेल्या टाचण्या, मावशींचे सुजलेले घोटे, टाचेला भेगा, एका बोटाला बांधलेली चिंधी. एवढी वर्षं मावशी तिच्या शेजारी उभ्या राहून इस्त्री करत होत्या. पाय असे आहेत हे तिला ठाऊक नव्हतं. मान दुखायला लागली. ही काय बसायची तऱ्हा. याला काय माणूस म्हणायचं की कमान? तरी ती उठली नाही. खडूने कोपराशी खूण केली, पुसली, पुन्हा केली. पण तिचा हात त्याच्या हाताहून आखूड होता, आणि आखूड किती ते तिला सांगता येईना. उभ्या नवऱ्याचं प्रत्येक माप तिला पाठ होतं. हे नव्हतं.

फोन वाजला तेव्हा ती तशीच बाकावर होती. त्याचाच होता. मागे रहदारी.

“झालं का?”

“कुठे आहात?”

पाण्याच्या मोठ्या टाकीच्या भिंतीशी आहे, म्हणाला. आजच्या भागातले अर्धे मीटर झाले. एकदा एका कुत्र्यामुळे जरा, पण काही नाही. झालं असेल तर येतो घ्यायला.

“यायचं नाही. तिथेच थांबा. गाडी चालू करायची नाही.”

“अगं, अजून अर्धे मीटर राहिलेत.”

“राहू द्या. नुसते गाडीवर बसून राहा. मला माप घ्यायचंय.”

ती पायीच निघाली, कारण रिक्षा शोधायला उभं राहणं तिला जमलं नसतं. जॅकेट काढायचं राहून गेलं होतं. भर उन्हात काळं, छातीवर ढीग झालेलं, बाह्या पुढे काढलेलं ते ओझं घालून, गळ्यात टेप, मुठीत टाचण्यांची डबी, अशी ती टाकीकडे चालत होती. लोक बघत होते. बघोत. त्यांच्यातल्या एकाच्याही अंगावर धड कपडा नव्हता.

तो भिंतीच्या सावलीत होता. गाडी स्टँडवर, आणि तो तिच्यावर बसलेला, सांगितलं होतं म्हणून. सदऱ्याला एका बाजूने माती लागलेली. उजव्या कोपराशी बाही फाटली होती आणि आत खरचटलेलं होतं, फार नाही, रक्त सुकलेलं. फोनवरचा तो कुत्रा म्हणजे हे. तिने जॅकेट काढून त्याच्या अंगात घातलं. खरचटलेल्या जागी अस्तर लागलं तेव्हा त्याने श्वास आत घेतला. “हात पुढे,” ती म्हणाली. त्याने हँडल धरलं. ती उभ्याने बघत होती, पण उभ्याने कोपराची खालची बाजू दिसत नाही. मग तिने रस्त्याकडेला धुळीत गुडघे टेकले, मान वाकडी करून खालून बघितलं, आणि टाचण्या ओठांत धरल्या. जाणाऱ्यायेणाऱ्यांतला एक जण थांबला आणि काय झालं, कोणाला लागलंय का, असं विचारू लागला. टाचण्यांमुळे तिला त्याला हाकलता आलं नाही.

“माप घेतेय,” नवरा म्हणाला.

तिने कवच जखमेवर आणून धरलं, बरोबर जखमेवर, आणि पहिली टाचणी टोचली. वर बघितलं तर तो वाकून तिच्याकडे बघत होता. भीती नव्हती त्या बघण्यात, माफीही नव्हती. दारोदारी झाकण उचलून तो जसा बघत आला होता तसाच बघत होता, आकडा पुरता वाचून होईपर्यंत न हलता. काय आकडा वाचला ते त्याने सांगितलं नाही. आणि तिच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून तिला विचारता आलं नाही.